चार्लीची आगबोट आणि एडनाचं ‘नको’

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली थोडी अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत असाल, काहीही चालेल. पण आज थोडा गृहपाठ आहे. हा भाग ऐकून झाला की वीस-पंचवीस मिनिटं काढा आणि चार्ली चॅप्लिनची ‘द इमिग्रंट’ बघा. १९१७ सालची, दोन रिळांची, मूकपट. आता कॉपीराइटबाहेर आहे, त्यामुळे यूट्यूबवर फुकट सापडते. फक्त जरा बरी प्रिंट शोधा. काही प्रिंट्समध्ये माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला आजच्यापेक्षा कमी फ्रेम्स पडायच्या. तीच फिल्म आजच्या वेगाने चालवली की सगळे धावत सुटतात. लोकांना वाटतं मूकपट म्हणजे हेच. तसं नाहीये.

मागच्या महिन्यात आपण जुन्या विनोदाबद्दल बोललो तेव्हा दोन प्रकारचे मेसेज आले. एक, ‘ताई, तो काळ वेगळा होता, हसा आणि सोडून द्या ना.’ दुसरा, ‘हे सगळं जुनं प्रॉब्लेमॅटिक आहे, बघायचंच कशाला?’ मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पहिल्यात आपण फिल्मला लहान मूल समजतो आणि दुसऱ्यात गुन्हेगार. म्हणून आज मुद्दाम अशी फिल्म निवडलीये जी मला मनापासून आवडते, आणि जिच्या शेवटच्या मिनिटाला मी प्रत्येक वेळी अडते. माझं म्हणणं आहे की ती तिथे आजच्या नियमाने चुकत नाही. ती स्वतःच घालून दिलेल्या नियमाने चुकते. कशी, ते सांगते.

आधी गोष्ट. युरोपातून अमेरिकेला निघालेली आगबोट. डेकवर गरीब लोक दाटीवाटीने बसलेत, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, गाठोडी, आजारी म्हातारे. बोट हेलकावतेय आणि सगळ्यांना उलट्या होतायत. एक माणूस कठड्यावरून वाकलाय, पाठ आपल्याकडे, खांदे गदागदा हलतायत, पाय हवेत. आपण म्हणतो, हा पण गेला. आणि तो वळतो तर हातात मासा! उलटी नव्हती, मासेमारी चालली होती. हा चार्ली.

पहिल्याच विनोदात बघा काय केलंय. तुम्ही एका माणसाला पाठीमागून बघून ठरवलंत की तो कोण आहे, आणि तुम्ही चुकलात. पुढची बरीच फिल्म याच एका युक्तीवर चालते.

बोटीचा हेलकावा खरा वाटावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याखाली लोलकासारखी रचना बसवली होती, आणि जेवणाच्या खोलीचा सेट खालून डुलवता येईल असा बांधला होता. त्या खोलीत सूपची एकच थाळी टेबलावरून या टोकाला जाते, त्या टोकाला जाते. समोरासमोर बसलेली दोन माणसं, थाळी ज्याच्यासमोर येईल त्याने पटकन एक चमचा मारून घ्यायचा. शब्द नाही, भाषण नाही. दोन भुकेली माणसं आणि एक थाळी एवढंच. माझ्या मते गरिबीवर केलेला इतका नेमका विनोद त्यानंतर फार कमी वेळा झाला.

या बोटीवर एक मुलगी आहे, एडना पर्व्हायन्सने केलेली. सोबत आजारी आई. एक जुगारी हरतो आणि झोपलेल्या आईचे पैसे चोरतो. मग तेच पैसे घेऊन पुन्हा खेळायला बसतो आणि चार्लीशी हरतो. म्हणजे चोरीचे पैसे फिरून चार्लीच्या खिशात. चार्लीला मुलगी रडताना दिसते. तो तिच्या नकळत तिच्या खिशात पैसे ठेवतो. मग विचार करतो की सगळेच दिले तर मी काय खाऊ? म्हणून परत काढतो, एक नोट स्वतःला ठेवतो, बाकी पुन्हा आत सरकवतो.

आणि नेमकं त्याच क्षणी बोटीवरचा अधिकारी बघतो. काय बघतो? एक फाटका माणूस एका मुलीच्या खिशात हात घालतोय. झालं, पकडली मानगूट.

देणारा हात आणि चोरणारा हात दिसायला अगदी सारखा. फरक कशात, तर बघणाऱ्याने आधीच काय ठरवलंय त्यात. आजही मोठ्या सोसायटीच्या गेटवर कुणाची बॅग तपासली जाते आणि कुणाला सलाम मिळतो ते आठवा. चॅप्लिनने हे शंभर वर्षांपूर्वी अर्ध्या मिनिटात दाखवलं.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चार्ली सुटतो कसा? एडनाला खिशात पैसे सापडतात आणि ती सांगते. अख्ख्या फिल्ममध्ये तिच्या हातून घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तिचा शब्द. त्या शब्दाला वजन आहे, म्हणून चार्लीची मान सुटते.

मग तो प्रसिद्ध प्रसंग. पाटी येते की स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन. समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. सगळे श्वास रोखून बघतायत. आणि पुढच्या क्षणी अधिकारी येतात, एक जाड दोरी आणतात आणि सगळ्यांना त्या दोरीमागे रेटून दाबून उभं करतात. आपल्याकडे बाजारात गुरं दाव्याला बांधतात ना, तसं. पुतळा तिकडे आणि दोरी इकडे. चार्ली एका अधिकाऱ्याच्या ढुंगणावर लाथ मारतो, टाळ्या!

ही लाथ हवेतून आलेली नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने नवा इमिग्रेशन कायदा केला. अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला होता, तो डावलून केला. सोळा वर्षांवरच्या माणसाला कुठल्यातरी एका भाषेत तीस-चाळीस शब्द वाचता आले पाहिजेत, नाहीतर परत जा. हा कायदा १ मे १९१७ पासून लागू झाला आणि जूनमध्ये ही फिल्म आली. म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसाला ती दोरी म्हणजे चालू बातमी होती. ताजं मीम म्हणा हवं तर.

आणखी एक. त्या वेळी न्यूयॉर्क बंदरात पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बहुतेक बोटीवरच उरकायची आणि ते उतरून घरी जायचे. एलिस बेटावर रांगेत जायचं ते तळातल्या स्वस्त वर्गाने. दोरी सगळ्यांसाठी नव्हती, तिकीट किती रुपयांचं, सॉरी, किती डॉलरचं यावर होती.

पण याच कायद्यात अजून एक कलम होतं, आणि तिथे आपण येतो. आशियाचा मोठा पट्टा नकाशावर आखून त्यांनी सांगितलं, इथल्या माणसांनी यायचंच नाही. त्या पट्ट्यात ब्रिटिश हिंदुस्थान होता. विद्यार्थी, डॉक्टर, वकील, शिक्षक, प्रवासी अशांना सूट होती. पण मजूर? शेतकरी? बंद. १९१३ ते १९१६ डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्येच होते, कोलंबिया विद्यापीठात, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. कायदा झाला तोपर्यंत ते पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले होते. शिकायला येणाऱ्यांची वाट नंतरही उघडी राहिली. पण पंजाबातून लाकडाच्या गिरणीत आणि शेतात राबायला येणाऱ्यांची वाट मिटली. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, त्यामुळे नागरिक होऊ शकत नाही. (हे थिंड वेगळे, आपले शहीद भगतसिंग नव्हेत. दर वेळी कुणीतरी विचारतंच.) नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं ते १९४६ मध्ये, आणि तेव्हाही भारतासाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा. एका एसटीत उभे-बसलेले मिळून जेवढे मावतात, जवळपास तेवढे.

आता डेककडे पुन्हा बघा. सगळे युरोपातले. ज्यांना दोरीमागे दाबलंय ते तरी बोटीवर आहेत. ज्यांना बोटीवरच चढू दिलं नाही त्यांच्यावर विनोद करायला फिल्ममध्ये जागाच नाही. याला मी फिल्मचा गुन्हा म्हणणार नाही. न्यूयॉर्क बंदराची गोष्ट आहे आणि तिथे येणारे बहुतेक युरोपातलेच होते. पण ही फिल्म बनली कुठे, तर लॉस एंजेलिसला. कॅलिफोर्नियाच्या त्याच किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, एंजल बेट होतं. तिथे चिनी, जपानी, हिंदी माणसांना अडवून ठेवायचे, काहींना आठवडेच्या आठवडे. तो पुतळा त्यांच्या वाट्याला चित्रातच. आणि चॅप्लिनच्या रोजच्या आयुष्यात एक असा माणूस होताही. तोराइची कोनो, हिरोशिमाकडचा, १९१६ पासून त्याची गाडी चालवायचा, पुढे त्याचा सगळा कारभार बघायचा. तेव्हाच्या कायद्याने जपानी माणसालाही नागरिकत्व नव्हतं. स्थलांतरितांवरची सगळ्यात गाजलेली फिल्म बनत होती आणि दिग्दर्शकाला स्टुडिओत सोडायला गाडी कोण चालवत होतं बघा.

चॅप्लिन स्वतः स्थलांतरितच. लंडनच्या गरिबीतून आलेला, लहानपणी अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये राहिलेला. १९१० मध्ये नाटक कंपनीबरोबर पहिल्यांदा अमेरिका पाहिली. आणि ही फिल्म करताना? म्युच्युअल कंपनीचा करार वर्षाला ६ लाख ७० हजार डॉलरचा, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पडद्यावर दहा सेंटसाठी घाम फुटलेला माणूस, पडद्यामागे जगातल्या सगळ्यात महाग माणसांपैकी एक. यात मला ढोंग वाटत नाही. भूक ज्याने भोगलीये त्याच्या हातात पैसा आला म्हणून आठवण जात नाही. पण हे माहीत असलेलं बरं.

आता दुसरं रीळ, म्हणजे हॉटेल. खरी गंमत अशी की फिल्मची सुरुवात इथून झाली होती. चॅप्लिनने आधी हॉटेलचेच प्रसंग काढायला घेतले, कागदावर पटकथा नाही, कॅमेऱ्यासमोरच करून बघायचं. बऱ्याच रिळांनंतर त्याला प्रश्न पडला असणार, ही दोघं एकमेकांना ओळखतात कशी? त्याचं उत्तर म्हणून बोट आली. त्याने टाकून दिलेले तुकडे कुणीतरी जपून ठेवले होते. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये त्यावर ‘अननोन चॅप्लिन’ ही मालिका केली, त्यात हे सगळं दिसतं. आधी वेटरचं काम हेन्री बर्गमन करत होता, मग जमेना म्हणून एरिक कॅम्पबेलला घेतलं. बरोबरच केलं. कॅम्पबेल म्हणजे डोंगर, भुवया अशा चढवलेल्या. तो नुसता शेजारी उभा राहिला तरी घास अडकतो. बिचारा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटार अपघातात गेला.

तर हॉटेल. चार्लीला रस्त्यात एक नाणं सापडतं, तो ते खिशात टाकतो. खिशाला भोक, नाणं खाली. त्याला पत्ता नाही. आत जाऊन बीन्स मागवतो. डोक्यावरची टोपी काढ म्हणून वेटर मागे लागतो, ते एक वेगळंच युद्ध. मग समोरच्या टेबलावर एडना दिसते, एकटीच बसलीये. तो तिला आपल्या टेबलावर आणतो, आनंदात हात हातात घेतो, आणि तिच्या हातातला रुमाल दिसतो. रुमालाला काळी कड आहे.

मोबाईलवर बघताना हे निसटतं, म्हणून मुद्दाम सांगते, इथे स्क्रीन आडवी करा. तेव्हा घरात मृत्यू झाला की काळ्या कडेचा रुमाल वापरायचे. आई गेली. कुणी बोलत नाही, पाटी येत नाही. चार्लीचा चेहरा फक्त एका क्षणापुरता उतरतो. चॅप्लिनची खरी आई तेव्हा इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयात होती, तिला तो १९२१ मध्ये अमेरिकेला आणू शकला. मी या दोन गोष्टी ओढून-ताणून जोडत नाही. पण तो रुमाल ज्याच्या डोक्यातून आला त्याला हे दुःख ऐकीव नव्हतं.

आणि लगेच पुढे विनोद. शेजारी एका गिऱ्हाइकाला सगळे वेटर मिळून बदडतात. का? बिलात दहा सेंट कमी पडले. चार्ली खिसा चाचपतो आणि भोक सापडतं. यापुढची पाच-सात मिनिटं म्हणजे निव्वळ घाबरण्याचं नाट्य. दुसराच एक फाटका माणूस तेच नाणं घेऊन आत येतो, पैसे देतो. वेटरकडून नाणं खाली पडतं, चार्ली त्यावर पाय ठेवतो, महाप्रयासाने उचलतो, ऐटीत देतो. वेटर चावून बघतो. खोटं! वाकतंच की ते.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मित्रांबरोबर हॉटेलात बसून, बिल येईपर्यंत मनातल्या मनात बॅलन्स मोजलाय ना कधी? यूपीआयचं चक्र गोल गोल फिरतंय आणि वेटर शेजारी उभा? मग हा सीन तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी एक चित्रकार येतो, त्याला ही दोघं मॉडेल म्हणून हवीत. तो बिल भरायला निघतो. चार्ली सभ्यपणा दाखवत ‘छे छे, मी देतो’ म्हणतो, एकदा, दोनदा, आणि एकदा जास्तच. चित्रकार म्हणतो, बरं, दे तू. मेलास! आपल्याकडे बिलावरून जे खोटं भांडण चालतं त्याचं इतकं सुंदर चित्रण मराठीतही कुणी केलेलं नाही. मग चित्रकाराने वेटरसाठी ठेवलेल्या टीपमधून चार्ली बिल भागवतो. सुटलो.

आता मला काय खुपतं ते. या सगळ्या वेळात एडना काय करते? काहीच नाही. तिला कळूच दिलेलं नाही. सगळा ताण यावर उभा आहे की तिला सांगायचं नाही. का बरं? ती पण त्याच बोटीतून आलीये. तळातलीच प्रवासी. आईचे पैसे चोरीला गेलेले तिने पाहिलेत. खिशाला भोक म्हणजे काय हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक असणार. दोघांनी मिळून त्या डोंगराएवढ्या वेटरला चकवलं असतं तर? मला ती फिल्म बघायला आवडली असती. ‘तेव्हा बायकांकडून विनोद करून घेत नसत’ असं म्हणू नका. मेबल नॉर्मंड त्याच काळात स्वतः विनोद करत होती, दिग्दर्शनही करत होती, आणि चॅप्लिनने तिच्याबरोबर कामही केलं होतं. शक्य होतं, त्याला सुचलं नाही किंवा नको वाटलं.

बघा, एक धागा दिसतो. बोटीवर पैसे दिले, तिच्या नकळत. हॉटेलात बिल निभावलं, तिच्या नकळत. दोन्ही वेळा हेतू चांगला. म्हणून आपण हसतो, आपल्याला तो आवडतो. आणि तिसऱ्या वेळी?

बाहेर पाऊस पडतोय. चार्ली चित्रकाराकडून थोडी उचल मागून घेतो. शेजारीच लग्नाचे परवाने देणारं ऑफिस. तो खुणेने विचारतो. ती लाजते, मागे सरकते, नको नको करते. तो तिला उचलतो. ती हातपाय झाडते. तो तिला तशीच उचलून आत नेतो. समाप्त.

गोड आहे, मी नाही म्हणत नाही. तिचा नकार लटका आहे हे एडनाने अभिनयातून दाखवलंय. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना मी हा शेवट दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘अगं, तिला हवंच होतं, दिसत नाही का?’ दिसतंय, काकू. प्रश्न तिला हवं होतं का हा नाहीच. पडद्यावरची मुलगी दिग्दर्शकाला हवं तेच हवं म्हणणार. प्रश्न असा आहे की ‘नको’ हा तिचा शब्द विनोद कधी झाला? बोटीवर याच मुलीच्या शब्दाने चार्लीची मानगूट सुटली होती. तिथे तिचा शब्द पुरावा होता. इथे तो गंमत झाला.

आणि दुसरं. ही फिल्म मघापासून आपल्याला काय शिकवतेय? अंगाला हात घालून माणसाला इकडून तिकडे ढकलणारा, तो कोण? अधिकारी. मानगूट धरणारा कोण? अधिकारी. दोरीने रेटणारा कोण? अधिकारी. वेटर सुद्धा तेच करतो. माणसाच्या शरीराला न विचारता हलवणं ही या फिल्ममध्ये ताकदवान लोकांची खूण आहे, आणि आपण त्यांच्या विरुद्ध हसतो. चार्लीच्या लाथेला टाळ्या का पडतात? कारण ती त्या ढकलण्याला उत्तर आहे. मग शेवटच्या मिनिटात तोच चार्ली एका माणसाला न विचारता उचलतो, सरकारी दारातून आत नेतो, आणि आपण टाळ्या त्याच हातांनी वाजवायच्या?

तिची परिस्थिती पण फिल्मनेच सांगितलीये. आई गेली. पैसे नाहीत. परका देश, ओळखीचं माणूस एकच. आणि त्या एका माणसाच्या खिशात आत्ता थोडी उचल आलीये. अशा मुलीला खरंच ‘नको’ म्हणायचं असतं तर तिने ते कसं म्हटलं असतं? दिसायला ते तसंच दिसलं असतं. हातपाय झाडत. देणारा हात आणि चोरणारा हात सारखाच दिसतो हे फिल्मने आपल्याला शिकवलं, पण लटकं ‘नको’ आणि खरं ‘नको’ सारखंच दिसतं, हे मात्र ती विसरली.

चॅप्लिनच्या खऱ्या आयुष्याबद्दल विचारणार आहात, माहितीये. त्याने ऑक्टोबर १९१८ मध्ये मिल्ड्रेड हॅरिसशी लग्न केलं, ती सोळा वर्षांची, तो एकोणतीस. १९२४ मध्ये लिटा ग्रे, पुन्हा सोळा, तो पस्तीस. हे मी लपवणार नाही, आणि ‘तो काळ’ म्हणून सोडूनही देणार नाही, कारण लिटाशी झालेला घटस्फोट त्या काळातही पेपरांत मोठा बोभाटा झाला होता. पण या माहितीने शेवटचा सीन बघणं मला पुरेसं वाटत नाही. मग आपण फिल्म बघतच नाही, फक्त चारित्र्याचा दाखला तपासतो. हा शेवट चॅप्लिन संत असता तरी इतकाच खुपला असता. आणि हा शेवट काही एकट्या त्याचा नाही. ‘तिच्या ना मध्ये हो असतं’ यावर आपल्या सिनेमाने किती गाणी, किती पाठलाग, किती लग्नं उभी केलीत ते आठवा. लाजली म्हणजे हो म्हणाली, हे वाक्य तर आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत पोहे खाताना पण ऐकू येतं.

मग बघायची का नाही? अहो, बघायचीच, म्हणून तर पहिल्या मिनिटाला गृहपाठ दिला. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने १९९८ मध्ये ही फिल्म जतन करायच्या यादीत घेतली, ते योग्यच झालं. आणि एक कडू गंमत सांगते. ही फिल्म केल्यावर पस्तीस वर्षांनी, सप्टेंबर १९५२ मध्ये, चॅप्लिन बायकोमुलांना घेऊन बोटीने लंडनला निघाला होता. बोट समुद्रात असताना अमेरिकन सरकारने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. चाळीस वर्षं राहून त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं, त्यामुळे तो कागदोपत्री तेव्हाही परदेशीच. परत यायचं तर आधी चौकशीला सामोरं जा, असं सांगण्यात आलं. तो गेलाच नाही, स्वित्झर्लंडला राहिला. पुन्हा अमेरिकेत आला तो १९७२ मध्ये, मानद ऑस्कर घ्यायला. दोरी त्याच्यासाठी पण काढलीच त्यांनी, फक्त उशिरा.

आता गृहपाठाची पद्धत सांगते आणि थांबते. फिल्म दोनदा बघा. पहिल्यांदा पूर्ण, संगीतासकट, मनसोक्त हसा, थाळीच्या सीनला तर हसालच. दुसऱ्यांदा फक्त शेवटचं मिनिट बघा आणि आवाज बंद करा, कारण ते गोड संगीत बहुतेक प्रिंट्समध्ये फार नंतर घातलेलं असतं आणि काय वाटून घ्यायचं ते तेच आपल्याला सांगतं. चार्लीकडे बघू नका, नजर सवयीने त्याच्याकडेच जाईल, तिला अडवा. एडनाकडे बघा. तिच्या हातांकडे, पायांकडे. काय दिसतंय ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. काकूंशी सहमत असाल तरी पाठवा, काकूंना ऐकवते.

भेटू पुढच्या भागात.